शुक्रवारचा कचरा

कत्तिरी सुरू झाली हे मला कॅलेंडर सांगत नाही, कचऱ्याचा डबा सांगतो. आज सकाळी झाकण उचललं आणि आत त्या होत्या. आंब्याच्या सालींवर, भाताच्या शितांएवढ्या, पांढऱ्या, गुबगुबीत, सगळ्याजणी कामाला लागलेल्या. "आल्या मेल्या!" मी एवढ्या जोरात ओरडले की महेश आतून म्हणाला, "कोण गं, पाहुणे?" नवऱ्यांना असे विनोद सुचतात, कारण डबा त्यांना धुवायचा नसतो.

मे महिन्यातल्या या पंचवीसेक दिवसांना चेन्नईत अग्निनक्षत्र म्हणतात, बोलताना नुसतं कत्तिरी. इतर लोक उन्हाळ्यावर छान छान लिहितात. मोगरा, वाळ्याचं पाणी, माठ, दुपारची शांतता. लिहोत बापडे. मला हा ऋतू आठवतो तो वासानेच, आणि तो वास मोगऱ्याचा नाही. दुपारी चार वाजता समुद्रावरून वारा येतो म्हणून सगळं शहर त्याची वाट बघतं. तो येतो, घाम सुकवत नाही, आणि जाताना डब्यातल्या सालींना चांगली ऊब देऊन जातो.

मी एक भांडं पाणी खळखळून उकळलं, मूठभर खडेमीठ टाकलं आणि ओतलं. बघवत नाही, तरी बघितलंच. तेही जीवच आहेत असं मला कोणी सांगू नये. असतील. माझ्या डब्यात नकोत. महेश तेवढ्यात दाराशी येऊन उभा राहिला, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामींची आठवण आली का?" मी त्याला चहा ठेवायला पाठवलं.

आठवण कसली येते! ती कुठे गेलीच नव्हती.

मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे कचरा घरात मुक्कामाला राहायचा नाही. फणसाची चारखंडं, म्हणजे काटेरी साली, गाईला, केळीच्या साली गाईला, मासे धुतलेलं पाणी माडाच्या मुळाशी, काटे मांजरीला. जे कोणालाच नको ते परसातल्या खड्ड्यात. डबा नावाची वस्तू मी लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा पहिल्यांदा विकत घेतली. लाल प्लास्टिकचा, झाकणाचा. पायाने दाबलं की झाकण उघडतं याचं मला कौतुक वाटलं होतं, कप्पाळ माझं.

महेशची नोकरी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या. पहाटे कंपनीची बस, परत यायला आठ. मी नुंगंबाक्कमला एका सॉफ्टवेअर कंपनीत. मला ट्रेनचं स्टेशन आणि त्याला कंपनीच्या बसचा थांबा जवळ हवा म्हणून आम्ही मांबळमच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. इथे भाड्याच्या जागेला पोर्शन म्हणतात. फाटकाला पाटी असायची: भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी. मग मालकीणबाई बाहेर यायच्या, आमची नावं विचारायच्या, आडनाव विचारायच्या, गाव विचारायच्या आणि म्हणायच्या, पोर्शन कालच गेला. पाटी मात्र तिथेच. सहा ठिकाणी कालच गेला होता. सातव्या फाटकाशी मी महेशला चिडून म्हटलं, "चल रे, ह्यांचाही कालच गेला असेल." आणि आतून आवाज आला, "कोण ते? मराठी बोलतां कीं हो तुम्ही!"

त्या मामी. इथे अशा वयस्कर बाईला मामीच म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला मामा. सत्तरीच्या, सावळ्या, नऊवारी नेसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. तंजावरकडच्या. त्यांचे पूर्वज कुठल्यातरी राजाबरोबर तिकडे गेले आणि परत आलेच नाहीत. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून त्यांनी घरातल्या घरात मराठी जपली होती, जुन्या पोथीसारखी, मधेच तमिळचे हेल असलेली. 'झालं'ला 'जालें' म्हणायच्या. मुलगा अमेरिकेत, तो इंग्रजी बोलायचा. मुलगी बंगळूरला, ती तमिळ. मामांना ऐकू कमी यायचं, ते दिवसभर पेपर वाचायचे. मामींच्या तोंडची मराठी तोंडातच राहत होती.

त्यांनी आम्हाला आत बोलावलं, ताक दिलं. मग सरळ विचारलं, "मांसमासळी खातां?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "खातो मामी. पण तुमच्या घरात आणणार नाही."

मामांनी पेपर खाली केला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. मामींनी हात हलवून त्यांना गप्प केलं. "हे म्हणतात, महाराष्ट्रांतले लोक सगळें खातात, त्यांचा भरंवसा नाही. मी म्हटलें, आमचे लोक आहेत, शब्द देतील तर पाळतील. वचन?"

"वचन," मी म्हटलं. त्यांनी कुंकू लावलं, विडा हातात दिला आणि वरच्या मजल्याचा पोर्शन आमचा झाला.

अकरा महिने मी ते वचन पाळलं. आणि कसं! चिपळूणच्या मुलीने अकरा महिने घरात बोंबलाचा तुकडा येऊ दिला नाही. बाहेर खायचो, मग बडीशेप चघळून, हात साबणाने दोनदा धुऊन जिना चढायचो. महेश एकदा बेकरीतून केक घेऊन आला. मी विचारलं, अंडं आहे का ह्यात? त्याला माहीत नव्हतं. मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं आणि त्याने तो केक कोपऱ्यावर विजेच्या खांबाखाली उभं राहून एकट्याने संपवला. "शब्द तू दिलायस आणि केक मी उभ्याने खातोय," म्हणाला. मला त्याचा अभिमानच वाटला, आणि त्याहून जास्त माझा.

मामी रोज संध्याकाळी पायरीवर वाट बघत बसायच्या. "आलीस कां गे? बैस." ऑफिसात काय, ट्रेनमध्ये काय, आईचं पत्र आलं का. मी एखादा शब्द बोलले की त्या तो परत म्हणून बघायच्या, "हें आम्ही असें म्हणत नाही," म्हणून हसायच्या. त्यांना माझ्याशी बोलायचं नसायचं इतकं, त्यांना ऐकायचं असायचं. मी दमलेली असायचे, पायात चपला, पोटात भूक, आणि तरी बसायचे. गल्लीतल्या बायकांना त्या माझी ओळख करून द्यायच्या, आमची मुलगी म्हणून. मला ते आवडायचं, आता कशाला नाही म्हणू.

पण नियम! मामींचे नियम म्हणजे नियम. दिवेलागणीनंतर घरातून कचरा बाहेर काढायचा नाही, लक्ष्मी जाते. शुक्रवारी तर दिवसभर नाही. झाडून काढा, कोपऱ्यात लावून ठेवा, पण उंबरा ओलांडायचा नाही. मी कामावरून यायचे तेव्हा दिवा लागलेला असायचा. म्हणजे माझ्या हातात उरायची ती सकाळ, आठ वाजताची, एका हातात पर्स, एका हातात डबा, कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या कचराकुंडीपर्यंत पळत. आमच्या चिपळूणलाही तिन्हीसांजेला केर काढू नये म्हणतात. पण चिपळूणला लक्ष्मी गेली तर परसापर्यंत जायची. इथे ती डब्यात बसून राहायची आणि वास सुटायचा.

त्यात ते वर्ष पाण्याचं. म्हणजे पाणी नसण्याचं. नळाला वारा यायचा. गल्लीत पाण्याची लॉरी यायची, एक दिवसाआड, आणि हिरव्या-निळ्या-केशरी प्लास्टिकच्या घागरींची रांग तिच्याआधी तासभर लागलेली असायची. मामांच्या घराला सहा घागरी, आम्हाला चार. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, भांडी. कचऱ्याचा डबा धुवायला पाणी द्यायचं म्हणजे कोणाची तरी अंघोळ कापायची. मी डब्यात तमिळ वर्तमानपत्र अंथरायचे आणि तेवढ्यावर भागवायचे. भागत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर न जाता माश्या थेट आमच्याकडेच यायच्या, कारण दुसरा मजला नव्हताच.

तर तो आठवडा. बुधवारी मामींच्या नातेवाइकांनी पन्रुटीहून दोन फणस पाठवले. एक मामींनी लगेच कापला, अर्धा आम्हाला. दुसरा शनिवारसाठी राखला, शनिवारी मामांच्या वडिलांची श्राद्धतिथी होती. फणस बघून मी इतकी हरखले की सांगता सोय नाही. तेल लावून बसले, गरे काढले, आठळ्या धुऊन ठेवल्या, चारखंडं डब्यात कोंबली. झाकण लागेना. गुरुवारी सकाळी मला उशीर झाला, डबा राहिला. संध्याकाळी आले तो दिवा लागलेला. शुक्रवार तर शुक्रवारच. शनिवारी सकाळी मी डबा घेऊन जिन्याच्या तोंडाशी आले तर मामी खालून हात जोडून म्हणाल्या, "नको गे, ब्राह्मण यायचे आहेत. जेवून जावोत, मग ने." आम्ही त्या दिवशी महाबलीपुरमला चाललो होतो. डबा दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या चौकात ठेवला आणि गेलो. परत आलो तो पुन्हा दिवा.

अळ्यांना आपला नियम कोणीतरी सांगितलेला असतो. पोट भरलं की त्या ओल्यातून बाहेर निघतात, कोरडी जागा शोधायला. रविवारी सकाळी त्या आमच्या डब्याच्या काठावरून उतरल्या, चौकातून निघाल्या, जिन्याच्या एकेका पायरीवरून टपकत टपकत खाली गेल्या आणि मामींच्या दारातल्या रांगोळीत पोचल्या. तांदळाच्या पिठाची रांगोळी, आदल्याच दिवशी घरात पितर जेवून गेलेले, आणि त्या पांढऱ्या रेषांवरून पांढऱ्या अळ्या चाललेल्या.

मी मामींच्या ओरडण्याने जागी झाले. खाली गेले तर त्या भिंतीला टेकून उभ्या, हातात झाडू, आणि गल्लीतल्या तीन बायका फाटकात.

"पुळू," मामी म्हणाल्या. अळ्यांना तमिळमध्ये पुळू म्हणतात. "माझ्या दारांत पुळू. काय आणलेंस गे वर? काय आणून खाल्लेंस?"

"फणस, मामी! तुमचाच फणस! बुधवारपासून डबा उतरू दिला नाहीत तुम्ही."

"फणसाला पुळू होत नाहीत. साठ वर्षें फणस खातें मी. पुळू होतात मांसाला."

"कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पाहिजे? सगळ्यांस माहीत आहे."

फाटकातल्या तिघींनी माना हलवल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण पुळू येत होतं. मामा पेपर घेऊन दारात आले, मामींकडे बघितलं फक्त. 'मी सांगितलं होतं ना?' अशी ती नजर. मामींचा चेहरा त्या नजरेने काळा पडला. आज मला कळतं की त्या क्षणी त्यांचं काय चाललं होतं. माझ्यासाठी त्या नवऱ्याशी भांडल्या होत्या, सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या होत्या, आणि आता सगळी गल्ली फाटकात उभी होती. तेव्हा मला फक्त माझा अपमान कळत होता. अकरा महिने! विजेच्या खांबाखालचा केक! मी म्हटलं, "मी वचन मोडलेलं नाही. शपथ घेऊ? कोणाची घेऊ?"

मामींनी माझ्याकडे बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, महिनाअखेर खाली करा. तमिळमध्ये. माझ्याशी. ती बाई अकरा महिन्यांत माझ्याशी तमिळचं एक अख्खं वाक्य बोलली नव्हती.

अळ्या मी झाडल्या. चुलीवरचं पाणी, मीठ, फिनाइल, सगळं. पाण्याच्या दोन घागरी गेल्या आणि महेश सोमवारी तोंडावर पाणी मारून कामावर गेला. एक अळी झाडूच्या काडीला चिकटून वर आली तेव्हा मी झाडूच फेकून दिला. किळस आणि राग यांत मला त्या दिवसापासून फरक करता येत नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार. संध्याकाळी मामी पायरीवर नसायच्या. लॉरीच्या रांगेत समोर आल्या तर माझ्या घागरीला आपली घागर लागू नये म्हणून उचलून धरायच्या. मी "मामी" म्हटलं तर "एन्ना?" म्हणायच्या, म्हणजे काय आहे, परक्या माणसाला म्हणतात तसं. महेश म्हणाला, "जाऊ दे गं. म्हातारं माणूस आहे. दोन दिवसांनी उतरेल राग." मी म्हटलं, "राग तिचा? राग माझा आहे!" मला पुन्हा घरं शोधायची होती, पुन्हा ते कालच गेला ऐकायचं होतं, आणि कशासाठी? न खाल्लेल्या मासळीसाठी. खाल्ली असती तरी पत्करलं असतं. हे वाक्य माझ्या डोक्यात बुधवारी आलं आणि मग जाईचना. खाल्ली असती तरी पत्करलं असतं.

गुरुवारी मी ऑफिसातून निघाले ती स्टेशनवर गेलेच नाही. बस पकडून समुद्रावर गेले. वाळूत गाड्या लागतात तिथे, तव्यावर लाल मसाल्यात वंजिरम तळत असतात, वंजिरम म्हणजे आपली सुरमई. दोन मोठे तुकडे आणि वर चार मांदेल्यांसारखे छोटे मासे घेतले. बाई म्हणाली, इथेच खा, गरम आहे. मी म्हटलं, बांधून दे. वर्तमानपत्रात तेल झिरपत होतं. ते पर्समध्ये घालून, डोकं वर करून, मी मामींच्या फाटकातून आत गेले. दिवा लागलेला होता.

महेश आला तेव्हा मी ताट वाढून बसले होते. त्याने वास घेतला आणि दारातच थांबला. "हे काय?"

"मासे."

"घरात?"

"घरातच. आरोप झालाच आहे ना? मग निदान पोट भरू दे."

"शब्द दिला होतास तू."

"दिला होता, आणि पाळला होता. काय मिळालं पाळून?"

तो जेवला नाही. दहीभात कालवून गॅलरीत जाऊन बसला. मी खाल्ले. चव लागली नाही म्हणणार होते, पण खोटं कशाला. पहिले दोन घास लागली. मग नुसती चावत राहिले. सुरमईचा मधला काटा, मांदेल्यांची डोकी, तेलकट कागद, सगळं गोळा करून मी डब्यात टाकलं. गुंडाळून नाही, वरच. उद्या शुक्रवार. म्हणजे डबा शनिवारपर्यंत चौकातच राहणार, मामींच्याच नियमाने. मला हे ठाऊक होतं. होऊ देत पुळू, मी म्हटलं. मांसाला होतात ना, होऊ देत! मी डबा दाराबाहेर ठेवला आणि पायाने झाकण नीट बसवलं.

शुक्रवारी दिवसभर ऑफिसात मी खुशीत होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते. युद्ध जिंकल्यासारखं नाही, पण उलटून एक लगावून दिल्यासारखं.

संध्याकाळी फाटक उघडलं तर जिना ओला. ओला! लॉरी गुरुवारी आली नव्हती, गल्लीत प्यायला पाणी नव्हतं आणि आमचा जिना वरपासून खालपर्यंत धुतलेला. मी वर गेले. चौकात डबा उपडा घातलेला, घासून लख्ख केलेला, आत हळदीचा हात फिरवलेला. कडुलिंबाच्या डहाळ्या शेजारी. दाराच्या कडीला एक पितळी डबा कापडात बांधून अडकवलेला, पुरणपोळीचा वास येत होता. आणि उपड्या डब्याच्या बाजूला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, सुरमईचा काटा आणि चार डोकी.

मामी वरच्या पायरीवर बसल्या होत्या. पदर ओला, हातांना हळद. शुक्रवारी, लक्ष्मीच्या दिवशी, त्या माझा कचरा उपसायला वर आल्या होत्या.

"मागच्या आंगणांत माझी बादली होती," त्या म्हणाल्या. मराठीत. "तिथीच्या फणसाचीं चारखंडें टाकलीं होतीं, गवळ्याच्या गाईसाठीं. तो आला नाही. आज उघडली. भरून पुळू." त्यांनी हात पुसले. "साठ वर्षें फणस खातें, पण इतके दिवस ठेवला नव्हता कधीं. म्हटलें, मुलीवर उगाच आळ घेतला. कामावरून यायच्या आधीं डबा धुवून ठेवावा. पोळी करून आणली."

मी पर्स खाली ठेवली.

त्यांनी पानाकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशीं पण हेंच होतें ना गे?"

"नाही," मी म्हटलं. "नाही मामी. देवाशपथ नाही. हे कालचं आहे. हे मी रागाने... त्या दिवशी फणसच होता."

मला माझंच बोलणं ऐकू येत होतं आणि माझाच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. पकडला गेलेला प्रत्येक माणूस असंच म्हणतो, 'हे पहिल्यांदाच.' मामींनी मान हलवली. "सरी," म्हणाल्या. ठीक आहे. आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या. मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी तो घेतला नाही. त्या चिडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, मामांना हाक मारली असती, तर मी बरोबरीने भांडले असते. मला भांडता येतं. त्या नुसत्या उतरल्या.

महेश आठ वाजता आला तेव्हा मी चौकातच बसले होते. त्याला मी सगळं सांगितलं. तो "बघ, मी म्हटलं होतं" म्हणाला नाही. त्याने ते केळीचं पान उचललं, कागदात गुंडाळलं आणि दिवा लागलेला असताना, शुक्रवारी, कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकून आला. खाली कोणी अडवलं नाही.

महिनाअखेरीस आम्ही जागा सोडली. निघताना मामींनी रीतीप्रमाणे कुंकू लावलं, विडा दिला, किल्लीसाठी हात पुढे केला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला आणि टेकला की नाही ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

मी इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं. पण मी आणखी एक शहाणपणा केला. वर्षभराने आमच्या ऑफिसात नागपूरहून वैशाली आली. कांदासुद्धा न खाणारी मुलगी, घर शोधत होती आणि रडकुंडीला आली होती. मांबळमच्या त्या फाटकाला पुन्हा पाटी लागल्याचं मला कळलं होतं. मला वाटलं, देवानेच धाडली ही. मामींना बोलायला माणूस मिळेल, खरोखरचं शाकाहारी, आणि महाराष्ट्रातली सगळी माणसं माझ्यासारखी नसतात हे तरी त्यांना दिसेल. मी वैशालीला पत्ता लिहून दिला. म्हटलं, माझं नाव सांगू नकोस. फाटकाशी नुसतं मराठी बोल, मोठ्याने. बाकी काही करावं लागणार नाही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये ती माझ्या समोर येऊन बसली. "अगं, पत्ता चुकीचा दिलास तू मला."

"का? नऊवारीतल्या बाई नव्हत्या?"

"होत्या ना. पायरीवर बसल्या होत्या. मी चांगलं मोठ्याने मराठीत बोलले. चमकून बघितलं त्यांनी, उठल्यासुद्धा. मला वाटलं झालं काम." तिने डबा उघडला. "मग परत खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'मराठी तेरियादु'."

"म्हणजे काय?" शेजारच्या कोणीतरी विचारलं.

"मराठी येत नाही म्हणे," वैशाली म्हणाली. "अगं, एक अक्षर येत नाही त्यांना."